डेंग्यूच्या रिपोर्टातली न वाचलेली ओळ

पाऊस परतीच्या वाटेला लागला, घटस्थापनेची तयारी सुरू झाली, की सोसायट्यांच्या जिन्यांत आणि दवाखान्यांच्या बाकांवर एक प्रश्न हटकून ऐकू येऊ लागतो : ‘प्लेटलेट किती?’ पूर्वी आजाऱ्याची चौकशी करताना लोक ‘ताप किती?’ असे विचारीत. आता थर्मामीटर मागे पडला आहे. सकाळी एक लाख दहा हजार होत्या, संध्याकाळी ब्याऐंशी हजार झाल्या, असे आकडे क्रिकेटच्या धावसंख्येसारखे नातेवाइकांत फिरत असतात. आकडा लाखाखाली गेला की घरातल्यांचे धाबे दणाणते, पन्नास हजारांखाली गेला की रुग्णालयाची शोधाशोध सुरू होते आणि वीस हजारांखाली घसरला की रक्तदात्यांसाठी ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना मोबाइलवर साकडे घातले जाते.

हा आकडा ज्या कागदावरून येतो त्याला आपण ‘सीबीसी’ म्हणतो. कोपऱ्यावरच्या कोणत्याही लॅबमध्ये होणारी, अगदी नेहमीची रक्ततपासणी. हिमोग्लोबिन, तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, त्यांचे प्रकार, प्लेटलेट, असे पंधरा-वीस आकडे त्या कागदावर छापलेले असतात. पण डेंग्यूच्या दिवसांत त्यातला एकच वाचला जातो. रुग्णाच्या जिवाशी ज्याचा संबंध अधिक जवळचा, तो आकडा त्याच कागदावर चार ओळी वर मुकाट्याने बसलेला असतो. त्याचे नाव हिमॅटोक्रिट. काही लॅब तो ‘पीसीव्ही’ या नावाने छापतात.

प्लेटलेटने आपल्या मनाचा असा ताबा का घेतला, याला कारण आहे. डेंग्यू आपल्याकडे नवा नाही; कोलकात्यात १९६३-६४ साली रक्तस्रावी डेंग्यूची मोठी साथ आली होती. पण सर्वसामान्य वाचकाच्या मनात या रोगाची धास्ती बसली ती १९९६ च्या दिल्लीतील साथीने. दहा हजारांहून अधिक रुग्ण आणि चारशेंहून अधिक मृत्यू नोंदवणाऱ्या त्या साथीच्या बातम्या देशभर गेल्या. पुढे २०१२ साली दिग्दर्शक यश चोप्रा यांचे मुंबईत डेंग्यूने निधन झाले, तेव्हा पैसा, ओळखी आणि उत्तम रुग्णालय हाताशी असूनही हा ताप माणूस नेऊ शकतो, हे मध्यमवर्गाला पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसले. ‘रक्तस्रावी ताप’ हे नावच असे की रक्त वाहू नये म्हणून जी पेशी काम करते, तिच्याकडे सर्वांचे डोळे लागावेत. नावात दोष आहे तो इथेच. या रोगात रक्तस्राव होतो, नाही असे नाही. पण गंभीर डेंग्यूत बहुतेक रुग्णांवर जी वेळ येते ती रक्त बाहेर वाहिल्यामुळे येत नाही. ती रक्तातले पाणी आतल्या आत पाझरून गेल्यामुळे येते.

हे समजायला श्रीखंडाचे उदाहरण पुरेसे आहे. दही फडक्यात बांधून टांगले की पाणी निथळते आणि आत घट्ट चक्का उरतो. डेंग्यूच्या काही रुग्णांत केशवाहिन्यांचे अस्तर काही काळ असेच विरविरीत होते. रक्तातला द्रवभाग त्यातून झिरपून पोटात आणि छातीत साठू लागतो. तांबड्या पेशी मोठ्या असल्याने त्या आतच राहतात. परिणामी, रक्तवाहिन्यांतले एकूण रक्त कमी होते आणि जे उरते ते चक्क्यासारखे घट्ट होते. रक्तच कमी पडू लागल्यावर मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांना पुरवठा अपुरा होतो. वैद्यकात यालाच ‘शॉक’ म्हणतात. ही गळती अनेकदा बाहेरून दिसत नाही. एक थेंब रक्त न सांडता रुग्ण धोक्याच्या दारात उभा असतो.

आता हिमॅटोक्रिट म्हणजे काय, तर शंभर भाग रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेले भाग किती. रक्त घट्ट झाले की हा आकडा चढतो. म्हणजे जी गळती डोळ्यांना दिसत नाही, ती हा आकडा दाखवतो. त्या रुग्णाच्या मूळच्या आकड्यापेक्षा तो २० टक्क्यांनी वर गेला, तर द्रवाची मोठी गळती झाली असे समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९७ च्या निकषांतही हेच प्रमाण होते. ज्या गावात हिमॅटोक्रिट छापून मिळत नाही तेथेही काम अडत नाही. ढोबळ हिशेबाने हिमोग्लोबिनची तिप्पट म्हणजे हिमॅटोक्रिट. हिमोग्लोबिन दहावरून बारावर गेले, तर डेंग्यूच्या तापात ती आनंदाची बातमी नाही. तीन दिवसांत कोणाचे रक्त असे वाढत नसते.

एक उदाहरण घेऊ. समजा, पस्तिशीच्या एका गृहिणीला ताप आला. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत हिमॅटोक्रिट ३१, पांढऱ्या पेशी ६,२०० आणि प्लेटलेट १ लाख ९० हजार. चौथ्या दिवशी हिमॅटोक्रिट ३२, पांढऱ्या पेशी २,९००, प्लेटलेट १ लाख १० हजार. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. अंग गार लागू लागले. रिपोर्ट आला : हिमॅटोक्रिट ३८.५, पांढऱ्या पेशी ३,१००, प्लेटलेट ६२ हजार. घरात बोलणे असे होते की ताप गेला, प्लेटलेट अजून पन्नास हजारांच्या वर आहेत, देवाची कृपा. बाई मात्र मलूल आहेत, पोट दुखते म्हणतात, दोनदा उलटी झाली. ‘अशक्तपणा असेल, पडून राहा,’ असे घरचे सांगतात.

या रिपोर्टात संगणकाने प्लेटलेटच्या आकड्यापुढे चांदणी छापलेली असते, पांढऱ्या पेशींपुढेही छापलेली असते. ३८.५ पुढे मात्र काहीच नाही. कारण स्त्रियांसाठी छत्तीस ते शेहेचाळीस हे सर्वसाधारण मानले जाते आणि आकडा त्यात चपखल बसतो. पण या बाईंचा स्वतःचा आकडा ३१ होता. ३१ वरून ३८.५ म्हणजे जवळजवळ चोवीस टक्के वाढ. कागद ज्याला निरोगी म्हणतो, तोच आकडा त्यांच्यासाठी रुग्णालयात जाण्याची सूचना आहे.

आपल्या देशात हा घोटाळा अपवादाने होईल असे मानण्याचे कारण नाही. २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक बायकांचा आकडा मुळातच खाली असतो. त्यांचे रक्त घट्ट होत जाते आणि ‘नॉर्मल’च्या चौकटीत येऊन थांबते. घरातल्या बाईचे दुखणे आपल्याकडे उशिराच मोजले जाते. येथे तर यंत्रही त्या उशिराला हातभार लावते. म्हणूनच तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत केलेली एक साधी सीबीसी फार मोलाची ठरते. त्या दिवशी तिच्यात बहुधा काहीच सापडत नाही आणि ‘उगीच पैसे गेले’ असे वाटते. पण पुढच्या प्रत्येक रिपोर्टाला मापायचा गज तोच असतो.

पांढऱ्या पेशींबद्दलही थोडे सांगायला हवे. गावाकडे ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ असे कोणी सांगितले की बहुतेकदा त्याला प्लेटलेट म्हणायचे असते. दोन्ही ओळी वेगळ्या, दोन्ही पेशी वेगळ्या, पण बोलण्यात त्या एकत्र झाल्या आहेत. खऱ्या पांढऱ्या पेशी डेंग्यूत आधी उतरतात. त्या पाच हजारांखाली येतात, पुष्कळदा तीन हजारांच्या आसपास पोचतात. त्यांच्या पाठोपाठ प्लेटलेट वेगाने घसरू लागतात आणि त्यानंतर गळतीचा टप्पा येतो. साधारण क्रम असा असल्याने पांढऱ्या पेशींची घसरण ही आगाऊ दिलेली वर्दी असते. परतीच्या वाटेवरही पांढऱ्या पेशीच प्लेटलेटच्या आधी सावरू लागतात. म्हणून प्लेटलेट अजून खालीच असताना अनुभवी डॉक्टर ‘आता हा सुधारतोय’ असे म्हणतो, तेव्हा तो अंदाजपंचे बोलत नसतो.

या सगळ्यात वेळेचे गणित फार विचित्र आहे. इतर बहुतेक तापांत ताप उतरला की आजार उतरला असे आपण धरतो आणि ते खरे ठरते. डेंग्यूने हा शिरस्ता मोडला आहे. त्यातला अवघड काळ साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, नेमका ताप उतरण्याच्या सुमारास सुरू होतो आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तास टिकतो. सर्वांचे लक्ष ताप चढलेला असताना असते. धोका असतो तो उतरल्यावर. मुलगा शाळेत जायला निघतो, नोकरदार हजेरी लावायला जातो, आणि ज्या दिवशी तपासणी करायलाच हवी त्या दिवशी ‘आता कशाला रक्त काढायचे’ म्हणून ती टाळली जाते. या दोन दिवसांत पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे, ग्लानी किंवा उगाच चुळबुळ, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे यांपैकी काहीही दिसले तर रिपोर्टाचीही वाट पाहू नये, थेट रुग्णालय गाठावे. रक्तदाबाचा वरचा आकडा बराच वेळ टिकून राहतो आणि फसवतो. वरच्या आणि खालच्या आकड्यांतले अंतर वीसवर आले म्हणजे परिस्थिती गंभीर झालेली असते.

मग प्लेटलेटला काहीच अर्थ नाही काय? आहे. वेगाने घसरणाऱ्या प्लेटलेट हा इशाराच आहे, आणि सोबत हिमॅटोक्रिट चढत असेल तर दुप्पट गंभीर इशारा आहे. प्रश्न आहे तो त्या आकड्यावर उपचार करण्याचा. प्लेटलेट कमी, म्हणून बाहेरून प्लेटलेट भरा, हे इतके सरळ वाटते की त्यावर शंका घेणारा डॉक्टरच निष्काळजी ठरतो. ही शंका सिंगापूर आणि मलेशियातील डॉक्टरांनी पद्धतशीरपणे तपासून पाहिली. प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून कमी असलेले, पण मोठा रक्तस्राव नसलेले ३७२ प्रौढ रुग्ण त्यांनी घेतले; निम्म्यांना प्लेटलेट भरल्या, निम्म्यांना नाही. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला निष्कर्ष असा की रक्तस्राव टाळण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. उलट अंगावर पुरळ येण्यापासून श्वासाच्या त्रासापर्यंतचे दुष्परिणाम प्लेटलेट घेतलेल्यांत अधिक होते. आपल्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की रक्तस्राव नसेल तर खबरदारी म्हणून प्लेटलेट देण्याचा विचार दहा हजारांच्या खाली आल्यावर करावा. प्रत्यक्षात चाळीस हजारांवर असतानाच नातेवाईक डॉक्टरांच्या केबिनबाहेर उभे असतात : ‘साहेब, पिशवीची सोय करू का?’ डॉक्टरनेही भीतीपोटी हो म्हटले तर त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. रुग्णाचे बरेवाईट झाले तर ‘प्लेटलेट का दिल्या नाहीत’ असे विचारणारे शंभर जण निघतात. ‘हिमॅटोक्रिट दर सहा तासांनी का पाहिला नाही’ असे विचारणारा एकही नातेवाईक सहसा भेटत नाही.

प्लेटलेटची पिशवी जेमतेम पाच दिवस टिकते, तीही २० ते २४ अंश तापमानात सतत हलती ठेवावी लागते. पुरवठा मर्यादित आणि मागणी घबराटीची, म्हटल्यावर बाजार कसा तयार होतो हे सांगायला नको. २०२२ च्या ऑक्टोबरात प्रयागराजमध्ये डेंग्यूच्या एका रुग्णाला प्लेटलेटऐवजी मोसंबीचा रस चढवल्याचा आरोप झाला आणि देशभर खळबळ उडाली. पुढे तपासणीअंती तो रस नव्हता, नीट न साठवलेल्या प्लेटलेट होत्या, असे प्रशासनाने सांगितले. रुग्ण तर गेलाच होता. पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचे दूध यांचीही साथीच्या दिवसांत अशीच चलती होते. पपईच्या पानांवर काही छोटे अभ्यास झाले आहेत आणि प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्याचे त्यांत दिसले. पण त्याने गळती थांबते किंवा मृत्यू टळतो असे सिद्ध झालेले नाही. सातव्या-आठव्या दिवशी प्लेटलेट आपोआपच वर येऊ लागतात, आणि त्या आदल्या दिवशी जे पोटात गेले असेल त्याला श्रेय मिळते.

ही साधी तपासणी नीट वापरली तर काय साधते, याचे उत्तर थायलंडने दिले आहे. बँकॉकमध्ये १९५८ साली रक्तस्रावी डेंग्यूची मोठी साथ आली, तेव्हा नोंदवलेल्या शंभर रुग्णांमागे सुमारे चौदा दगावले. त्यांत बहुसंख्य लहान मुले होती. तेथील बालरुग्णालयात डॉ. सुचित्रा निम्मानित्य यांनी पुढची कित्येक वर्षे या मुलांची रोजची नाडी, रक्तदाब, हिमॅटोक्रिट, प्लेटलेट यांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. गळती कधी सुरू होते, किती तास चालते, सलाईन किती द्यायचे आणि ते कधी थांबवायचे, याचे नियम त्या नोंदींतून तयार झाले. जागतिक आरोग्य संघटनेची १९७५ ची मार्गदर्शक तत्त्वे मुख्यतः या कामावर आधारली होती. नवे औषध सापडले नाही. डेंग्यूच्या विषाणूवर खात्रीचे औषध आजही नाही. तरीही थायलंडमधील मृत्यूंचे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आले. त्यासाठी लागले ते बोटातून काढलेले थेंबभर रक्त, केसासारखी बारीक काचेची नळी, ती पाच मिनिटे फिरवणारे छोटे यंत्र, मोजपट्टी आणि रात्री-अपरात्री हे करणारी परिचारिका.

आपल्याकडे अडते ते बव्हंशी या शेवटच्या गोष्टीत. तपासणी होते, पण वेळेवर होत नाही. ग्रामीण भागात आरोग्य केंद्रात रक्त घेतले जाते, नमुना गाडीने तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जातो आणि निकाल दुसऱ्या दिवशी हातात पडतो. मधुमेहासाठी एवढा उशीर चालतो. ज्या आजारात सहा तासांत चित्र पालटते तेथे कालचा हिमॅटोक्रिट म्हणजे शिळी बातमी. शहरात लॅब भरपूर, पण रविवारी दुपारनंतर आणि दिवाळीच्या चार दिवसांत शटर खाली असते, आणि डेंग्यूचा हंगाम नेमका सप्टेंबर ते नोव्हेंबर. एवढी मोठी बेगमी आपण कधी केली आहे, असे दिसत नाही. साथ आली की धूरफवारणीची छायाचित्रे निघतात आणि तपासण्यांच्या दरांवर मर्यादा येते. दिल्ली सरकारने २०१५ मध्ये खासगी प्रयोगशाळांना डेंग्यूच्या चाचणीसाठी सहाशे रुपयांची आणि प्लेटलेट मोजणीसाठी पन्नास रुपयांची मर्यादा घातली. निर्णय स्वागतार्हच होता. मात्र सरकारी आदेशातही उच्चार झाला तो प्लेटलेटचाच.

निदानाच्या चाचण्यांवर होणारा खर्चही थोडा वेगळ्या नजरेने पाहायला हवा. एनएस-१ ही चाचणी पहिल्या पाच दिवसांत आणि आयजीएम साधारण पाचव्या दिवसानंतर उपयोगी पडते. ‘डेंग्यू आहे का?’ याचे उत्तर त्या देतात. ‘हा रुग्ण आज रात्री सुखरूप राहील का?’ याचे उत्तर त्या देत नाहीत. तरीही एनएस-१ पुन्हा पुन्हा करवून घेणारे आणि सीबीसीची पुनरावृत्ती टाळणारे लोक दिसतात. यकृताच्या एसजीओटी, एसजीपीटी या चाचण्या रुग्ण गंभीर असेल तेव्हा लागतात. घरी बसलेल्या प्रत्येकाला ‘फीवर पॅकेज’ घ्यायला लावणे हा व्यवसायाचा भाग झाला.

२०२३ साली देशात पावणेतीन लाखांहून अधिक डेंग्यूरुग्णांची नोंद झाली आणि पाचशेच्या आत मृत्यू नोंदले गेले. बहुसंख्य रुग्ण घरीच, पॅरासिटामॉल, पाणी, सरबत, पेज आणि विश्रांती यांवर बरे होतात. (अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक मात्र घ्यायचे नाही, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.) म्हणजे हजारोंच्या गर्दीतून मोजके धोक्यातले रुग्ण वेळीच वेचून काढणे, हेच खरे काम आहे. सगळ्यांनाच दाखल केले तर खाटा भरतात, आणि ज्याला खाट हवी तो व्हरांड्यात पडतो. सलाईनचेही तसेच. गळती थांबल्यावर झिरपलेले पाणी पुन्हा रक्तात परतते आणि हिमॅटोक्रिट उतरू लागतो. रुग्ण ताजातवाना दिसत असेल, भरपूर लघवी होत असेल, तर ही सलाईन बंद करण्याची वेळ. तेव्हाही बाटल्या लावत राहिले तर पाणी फुप्फुसात साठते. पण हिमॅटोक्रिट उतरतो आहे आणि रुग्ण खालावतो आहे, तर आत कुठेतरी रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते आणि त्याला रक्त द्यावे लागते. आकडा तोच, अर्थ अगदी उलट. यंत्राने छापलेला कागद हा फरक सांगू शकत नाही. खाटेशेजारी उभा राहून रुग्णाचा हात हातात घेणारा माणूस सांगू शकतो.

घरच्यांनीही थोडे करता येईल. रिपोर्टांची चळत पिशवीत कोंबण्याऐवजी वहीच्या एका पानावर तारीख, वेळ, तापाचा कितवा दिवस, हिमॅटोक्रिट, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि लघवी किती वेळा झाली, एवढे रकाने आखावेत. लॅब शक्यतो बदलू नये. दोन यंत्रांच्या आकड्यांत फरक पडतो. प्लेटलेट अचानक अतोनात कमी दिसल्या आणि रुग्ण बरा दिसत असेल, तर काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा मोजायला सांगावे. पेशींचे गठ्ठे झाले की यंत्र फसते. आणि लॅबवाल्यांनाही एक काम सहज जमण्यासारखे आहे. जो संगणक चांदणी छापतो, तोच त्या रुग्णाचा मागच्या तपासणीतला हिमॅटोक्रिट आजच्या आकड्याशेजारी छापू शकतो. काही मोठ्या लॅब जुने आकडे असे देतातही. गल्लीतल्या लॅबनेही पावसाळा संपेपर्यंत एवढा एक रकाना वाढवला, तर त्या पस्तिशीच्या बाईंच्या रिपोर्टात ३८.५ च्या शेजारी ३१ दिसेल.